कापडाखालचे पाय मोजा, मग जपानचा सिंहनाच समजतो

जपानच्या नवीन वर्षाच्या व्हिडिओंमध्ये एक प्राणी हमखास दिसतो, लाल तोंड, सोनेरी दात, अंगावर हिरव्या रंगाचं पांढऱ्या वेलबुट्टीचं कापड. तो घरादारापुढे येतो, जबडा खट्‌खट् वाजवतो आणि चक्क लोकांची डोकी तोंडात धरतो, आणि आया स्वतःहून आपली रडणारी तान्ही पोरं त्याच्यापुढे करतात. आपल्याकडे हे बघून बरेच जण 'चायनीज ड्रॅगन' म्हणून मोकळे होतात. पण तो ड्रॅगन नाही, सिंह आहे, जपानीत शिशी, त्याच्या नाचाला शिशिमाई म्हणतात, आणि जपानात तो इतकी शतकं राहिलाय की आता पक्का जपानीच झालाय.

ड्रॅगनचा घोळ आधी मिटवून टाकू. ड्रॅगन काठ्यांवर उचललेला असतो, त्याला नाचवणारी माणसं बाहेर असतात, उघड दिसतात. सिंहाच्या मात्र आत माणूस असतो, बाहेर दिसतात ते फक्त पाय. आणि शिशिमाई समजून घ्यायची सगळ्यात सोपी युक्ती तीच, पाय मोजायचे. दोन आहेत, चार आहेत की दहा-बारा, यावरून तो सिंह कुठल्या घराण्यातला, कुठल्या भागातला आणि गावाला त्याच्याकडून काय हवंय हे बरंचसं कळतं.

पण त्याआधी एक प्रश्न सुटला पाहिजे. ज्या देशात जिवंत सिंह कुणी पाहिलाच नव्हता तिथे सिंह नाचायला लागला कसा? जपानातच काय, चीन-कोरियातही सिंह नव्हता. चीनच्या हान दरबारात पहिल्या शतकाच्या अखेरीस इराणकडच्या पार्थियन राज्याने सिंह नजराणा म्हणून पाठवल्याच्या नोंदी आहेत, म्हणजे सिंह तिथे पोचला तो व्यापारी रस्त्याने, परदेशी पाहुणा म्हणून. त्याच काळात बौद्ध धर्म निघाला तो आपल्या बाजूने, आणि त्याच्यासोबत सिंहाची मूर्ती निघाली. बुद्धाला शाक्यसिंह म्हणायचे, त्याचा उपदेश म्हणजे सिंहगर्जना, मंजुश्री बोधिसत्त्वाचं वाहनच सिंह. सारनाथचे चार सिंह सगळ्यांना माहीत असतात, पण लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या चैत्यगृहासमोर जो खांब उभा आहे ना, त्याच्या डोक्यावरही सिंह बसलेत, एकवीरेला जाणारे हजारो लोक त्याच्या शेजारून जातात. तर असा हा सिंह, प्रत्यक्ष प्राणी म्हणून फार थोड्यांनी पाहिलेला, पण धर्माचा राखणदार म्हणून सगळ्यांना ठाऊक झालेला. लोकांनी मग तो आपल्या मनाने घडवला, कुणी कुत्र्यासारखा, कुणी हरणासारखा, कुणी शिंगवाला.

चीनमध्ये तांग राजवटीत, म्हणजे सातव्या ते दहाव्या शतकात, हा नाच दरबारापर्यंत पोचला होता. पाच दिशांचे पाच रंगांचे सिंह आणि सोबत १४० गाणारे, असा एक भव्य प्रकार नोंदवलेला आहे. नवव्या शतकातल्या बाई जूयी या कवीने तर सिंहनाचाचं वर्णनच करून ठेवलंय, लाकडाचं कोरलेलं डोकं, रेशमाची शेपटी, मुलामा दिलेले डोळे, चांदीचे दात. आजच्या जपानी सिंहाशेजारी हे वर्णन ठेवून बघा, लाकडी डोकं आणि चमकते दात तसेच्या तसे आहेत, बाराशे वर्षांनंतरही. मला या सगळ्या विषयात सर्वात भारी वाटते ती हीच गोष्ट.

जपानात हे आलं कोरियामार्गे. जपानच्या जुन्या इतिहासग्रंथात नोंद आहे की ६१२ साली पेक्चे या कोरियन राज्यातून मिमाजी नावाचा कलाकार आला आणि त्याने तिथल्या मुलांना गिगाकू शिकवलं. गिगाकू म्हणजे मुखवटे घालून केलेला, मिरवणूक आणि मूकनाट्य असं मिश्रण असलेला खेळ, बौद्ध मंदिरांच्या उत्सवात व्हायचा, आणि त्या मिरवणुकीत सिंह असायचा. ७५२ साली नारा शहरात तोदाइजी मंदिरातल्या महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे उघडण्याचा प्रचंड मोठा सोहळा झाला, त्यातही गिगाकू झालं, आणि त्या काळातले मुखवटे, सिंहाच्या डोक्यांसकट, नाराच्या शोसोइन या शाही कोठारात आजही जपून ठेवलेत. गिगाकू पुढे संपलं. सिंह तेवढा सुटला आणि गावोगाव गेला.

आता पाय मोजू.

चार पायांचा सिंह हा या मंदिरवाल्या जुन्या घराण्याचा. दोन माणसं, एक डोकं सांभाळतो, दुसरा मागचं अंग. याचं सगळ्यात नावाजलेलं रूप म्हणजे इसे दाइकागुरा. इसे हे जपानमधलं सर्वात मोठं तीर्थ, सूर्यदेवी अमातेरासूचं. जुन्या काळी प्रत्येकाला आयुष्यात एकदा तरी तिथे जायचं असायचं पण शेती, पैसा, अंतर, सगळ्यांना कुठलं जमायला, मग मिए प्रांतातल्या कुवाना भागातली पथकं सिंह घेऊन गावोगाव फिरायची, दारात नाच करायची, इसेचा ताईत द्यायची आणि घरातली चूल शुद्ध करून पुढे जायची. आपल्याकडे वासुदेव दारी आला की सकाळी देवाचं नाव आणि दान दोन्ही उरकायचं, साधारण त्या जातीचं नातं आहे हे. ही पथकं आजही आहेत, मोजकीच उरलीत पण वर्षातला बराच काळ खरोखर रस्त्यावर असतात, आणि १९८१ पासून त्यांना राष्ट्रीय पातळीवर वारसा म्हणून मान्यता आहे.

त्यांचा खेळ एकदा नीट बघायला हवा. आधी बासरी आणि ढोल, मग सिंह येतो, एका हातात घुंगरांचा गुच्छ, दुसऱ्यात पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या लावलेली काठी, आणि संथ, अगदी गंभीर नाच. मग मध्येच चेंडू, काठ्या, ताटल्या हवेत फेकायच्या कसरती, सोबत विदूषकाची बडबड, सिंह गंभीर आणि विदूषक वात्रट, म्हणजे पोरंही बसतात आणि म्हाताऱ्याही. शेवटच्या आयटममध्ये नाचणारा दुसऱ्याच्या खांद्यावर उभा राहतो, आणि बघता बघता सिंहाची एक नटलेली गणिका होते, वर छत्री उघडते. पूजा आणि सर्कस यांच्यामध्ये भिंत घालायची आपल्याला सवय झालीये, या लोकांनी ती कधी घातलीच नाही, आणि मला वाटतं म्हणूनच ते टिकले.

डोकं तोंडात धरण्याचा प्रकारही इथेच समजून घेऊ. सिंह चावतो तो माणसाला लागलेली पीडा खाऊन टाकायला, अशी श्रद्धा आहे. लहान मुलाचं डोकं धरलं तर ते निरोगी वाढतं, हुशार होतं. म्हातारी माणसं दुखरा गुडघा, खांदा पुढे करतात. पोर जितकं जोरात रडेल तितके घरचे खूश, कारण रडणं हे दणकट असण्याचं लक्षण मानलं जातं.

दोन पायांचा सिंह बघितला की समजायचं आपण पूर्व जपानात आहोत, तोक्योच्या आसपास किंवा त्याच्या उत्तरेला. इथे एका माणसाचा एक सिंह. डोकं छोटं, टोपीसारखं माथ्यावर बसवलेलं, चेहऱ्यापुढे कापड सोडलेलं, कमरेला ढोलकं बांधलेलं, ते स्वतःच वाजवत नाचायचं. आणि हे एकटे येत नाहीत, साधारणपणे तिघं येतात, दोन नर आणि एक मादी. चार कोपऱ्यांत फुलांच्या मोठाल्या टोप्या घातलेल्या मुली किंवा पोरं उभी असतात, सासारा नावाची बांबूची वाद्यं घासत, म्हणजे त्या फुलांच्या टोप्या म्हणजेच जंगल. गोष्ट अशी की मादी फुलांत किंवा धुक्यात हरवते, दोन नर शोधतात, एकाला ती सापडते, दुसरा चिडतो, भांडण होतं, आणि शेवटी तिघं मिळून नाचतात. बस्स एवढीच गोष्ट, पण गावातले लोक ती दरवर्षी उन्हात तासन्‌तास उभं राहून बघतात. तोक्यो म्हटलं की आपल्याला गगनचुंबी इमारती आठवतात, पण तोक्योच्याच पश्चिमेला ओकुतामाच्या डोंगरांत लहान लहान वाड्यांमध्ये हा तीन सिंहांचा नाच अजून होतो.

आणखी उत्तरेला, इवाते आणि मियागी प्रांतांत गेलात की सिंह जवळजवळ हरीण होऊन जातो. शिशिओदोरी म्हणतात त्याला. डोक्यावर खरी हरणाची शिंगं, आणि काही घराण्यांत पाठीवरून वर गेलेल्या पांढऱ्या कागदाच्या दोन उंच काठ्या, माणसाच्या उंचीच्याही वर, नाचताना अख्खं शरीर पुढे झुकवून त्या जमिनीवर आपटायच्या. साधारण १५ किलोचं ओझं अंगावर, ढोल स्वतः वाजवायचा, गाणं स्वतः म्हणायचं आणि नाचायचंही. डोंगरातल्या शिकारी-शेतकरी लोकांना जंगलाचा राजा म्हणून हरीणच माहीत, सिंह कुठून असणार, त्यांनी बाहेरून आलेल्या कल्पनेला आपल्या जंगलातलं अंग दिलं. हा नाच पुष्कळदा मेलेल्यांसाठी असतो, ऑगस्टमध्ये ओबोनच्या दिवसांत, पितर घरी येतात तेव्हा.

याच इवातेमध्ये हायाचिने नावाचा डोंगर आहे, तिथल्या कागुराला, म्हणजे देवापुढे करायच्या नाचाला, २००९ साली युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. तिथे सिंहाचं डोकं हा मुखवटा मानतच नाहीत, त्याला गोंगेनसामा म्हणतात, म्हणजे डोंगराचा देव स्वतः त्या रूपात आलेला. रात्रभर बाकीचे नाच झाले की शेवटी तो येतो, दात वाजवतो, आणि लोक त्याच्या कापडाखालून सरपटत जातात, आजार टळावा म्हणून.

आणि मग दहा-बारा पायांचा सिंह. हा तोयामा प्रांतातला, जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरचा, अख्ख्या देशात सिंहनाच सगळ्यात दाट आढळतो त्या भागांपैकी एक. त्याला मुकादे-जिशी म्हणजे गोम-सिंह म्हणतात, कापडाच्या आत बांबूच्या कमानी असतात, त्या धरून पाच-सात जण आत, म्हणजे सिंह एकदम लांबलचक. त्याच्यासमोर त्याला डिवचणारा असतो, कुठे सजवलेली लहान मुलं हातात काठ्या-तलवारी घेऊन, कुठे लाल तोंडाचा लांब नाकाचा तेंगू. शेजारच्या कानाझावाकडे तर सिंह आणखी मोठा, आणि त्याच्यासमोर तलवार, भाला घेऊन खरोखरच्या युद्धकलेचे डाव टाकतात, शेवटी सिंह मारला जातो. विचार करा, इसेचा सिंह देवाचा निरोप घेऊन येतो आणि इथला सिंह गावाची पीडा अंगावर घेऊन मरतो, दोघांचंही नाव शिशीच. जपानी सिंहनाच म्हणजे अमुक एक, असं सांगणारा माणूस भेटला तर त्याला कुठल्या गावाचा सिंह ते विचारा.

ही लाकडी डोकी बनतात कुठे, तर याच तोयामातलं इनामी हे लाकूडकामाचं गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. पाउलोनिया नावाच्या झाडाचं लाकूड वापरायचा मोठा रिवाज आहे, जपानीत किरी, खूप हलकं असतं आणि सहज भेगाळत नाही. आतून कोरून पोकळ करायचं, जबडा वेगळा बसवायचा, उरुशी झाडाच्या चिकाचे थरावर थर चढवायचे, दातांना सोनेरी रंग. नाचणारा आतून एका हाताने डोकं आणि दुसऱ्याने जबडा धरतो. तो खट् आवाज लाकडावर लाकूड आपटून येतो, आणि हा आवाजच वाईट शक्तींना पळवतो असं मानतात.

चिनी सिंहाशी फरक पडतो तो नेमका इथे. दक्षिण चीनचा, ग्वांगडाँगचा सिंह, जो हाँगकाँगपासून सिंगापूरपर्यंत आणि कोलकात्यापासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत दिसतो, त्याचं डोकं बांबूच्या पट्ट्यांच्या सांगाड्यावर कागद-कापड लावून केलेलं असतं. आकाराने मोठं पण हलकं. डोळे मिटतात, कान हलतात, कपाळावर आरसा आणि एक शिंग. हलकं डोकं म्हणजे उड्या मारता येतात, पुढचा माणूस मागच्याच्या मांड्यांवर, खांद्यावर चढतो, सिंह दोन पायांवर उभा राहिल्यासारखा दिसतो. शिकवणारे बहुतेक कुंग-फूच्या आखाड्यांतले, त्यामुळे पायांचा पवित्रा सगळा मारामारीतला. दुकानाच्या दारावर लेट्यूसची जुडी आणि लाल पाकीट टांगलेलं असतं, सिंह उचकत, घाबरत, वास घेत जवळ जातो, झेप घेऊन ती भाजी खातो, पानं लोकांवर थुंकतो, पाकीट ठेवून घेतो, दुकानदाराचं वर्ष भरभराटीचं जातं. लाल तोंडाचा सिंह ग्वान यू, काळा झांग फेई, पिवळा ल्यू बेई, हे तीन राज्यांच्या काळातले वीर, आणि प्रत्येकाची चाल वेगळी, काळा म्हणजे भांडखोर.

उत्तर चीनचा सिंह अजून निराळा, अख्खा केसाळ, माणसांचे पायही त्याच केसांत झाकलेले, मोठ्या चेंडूवर चालतो, लोळतो, लाडात येतो. तो बघताना पेकिनीज कुत्रा आठवतो.

मलेशियातल्या चिनी समाजाने यात जी भर घातली ती बघून श्वास थांबतो. उंच लोखंडी खांब, प्रत्येकावर पाऊल मावेल एवढीच चकती, आणि दोघं जण सिंहाच्या आतून एका खांबावरून दुसऱ्यावर उडी मारतात, मागच्याला समोरच्याची कंबर सोडून काहीही दिसत नसतं. १९९४ पासून गेंटिंगला याची जागतिक स्पर्धा भरते. पण याच मलेशियात १९७० च्या दशकाच्या शेवटी सिंहनाच या मातीतला नाही, त्यापेक्षा वाघाचा नाच करा, असं सरकारातून सुचवलं गेलं होतं. इंडोनेशियात तर सुहार्तोंच्या सरकारने १९६७ च्या आदेशाने चिनी चालीरीती सार्वजनिक ठिकाणी बंदच केल्या, तिथला बारोंगसाई, म्हणजे सिंहनाच, रस्त्यांवरून गायब झाला, आणि २००० साली अब्दुर्रहमान वाहिद राष्ट्राध्यक्ष असताना तो आदेश मागे घेतला तेव्हा कुठे परत आला. एका पिढीने जे लपून शिकलं ते पुढच्या पिढीने मॉलमध्ये नाचून दाखवलं.

कोरियाचा सिंह मला वैयक्तिक फार आवडतो, कारण तो आजारी पडतो. बुकचोंग हे आता उत्तर कोरियात असलेलं गाव, तिथे वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला सिंह घरोघर फिरायचा. नाचात तो ससा खातो, आणि कोसळतो. मग भिक्षू येऊन मंत्र म्हणतो, वैद्य सुया टोचतो, आणि सिंह हळूहळू उठून परत नाचतो. लोक त्याच्या अंगावरची रंगीत लोकर उपटून घरी नेतात, दीर्घायुष्यासाठी. कोरियन युद्धात तिकडून पळून दक्षिणेत आलेल्या लोकांनी हा नाच सोलमध्ये परत उभा केला, १९६७ साली त्याला राष्ट्रीय वारसा म्हणून मान्यता मिळाली, आणि २०२२ मध्ये कोरियन मुखवटानाट्यांसोबत युनेस्कोच्या यादीतही तो आला. ज्या गावचा नाच त्या गावी परत जाता येत नाही, तरी सिंह दरवर्षी मरतो आणि उठतो.

जपानच्या दक्षिण टोकाला ओकिनावाचा सिंह पुन्हा अख्खा केसाळ, चार पायांचा, पावलापर्यंत झाकलेला, म्हणजे मुख्य जपानपेक्षा चीनच्या जवळचा, आणि भाद्रपदी पौर्णिमेच्या सुमारास नाचणारा. आणि हिमालयात पांढरा, हिरव्या आयाळीचा हिमसिंह, तिबेटी लोकांचा. हा बघायला पासपोर्ट लागत नाही, सिक्कीममधला भुतिया लोकांचा सिंघी छाम हा त्याच कुळातला, कांचनजंगाच्या राखणदाराशी जोडलेला.

जपानातल्या सिंहांचं आजचं दुखणं सरळ आहे, आत उभं राहायला माणसं नाहीत. तरुण शहरात गेले, गावात म्हातारे उरले, आणि गोम-सिंहाला तर पाच-सात जणांशिवाय चालताच येत नाही. म्हणून पूर्वी फक्त पुरुषांचा असलेला नाच आता कितीतरी ठिकाणी मुली करतात, शाळांमध्ये शिकवतात, नोकरीसाठी बाहेर गेलेले सुट्टी काढून फक्त सिंहासाठी गावी येतात. मला हे योग्यच वाटतं, परंपरा मोडली म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी स्वतः आत शिरून दाखवावं.

मियागीमधल्या मिनामिसानरिकू गावाचं उदाहरण यासाठी सांगतो. तिथल्या तोगुरा भागात शिशिओदोरी पूर्वी विझून गेली होती, मग तिथे एक अठराव्या शतकातला दगड सापडला, त्यावर हा नाच साऱ्या सृष्टीला अर्पण अशा अर्थाचा लेख, आणि लोकांनी नाच परत सुरू केला, शाळेतल्या मुलांना शिकवला. २०११ च्या त्सुनामीत गाव वाहून गेलं. ढिगाऱ्यात हरणाची डोकी आणि ढोल सापडले, ते धुतले, दुरुस्त केले, आणि घर गमावलेल्या लोकांपुढे मुलांनी नाच केला. त्या किनाऱ्यावर बऱ्याच गावांनी घरं उभी राहायच्या आधी सिंहांची डोकी आणि ढोल उभे केले, कारण गाव कुठे आहे हे त्यावरूनच कळणार होतं.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर जपानात जानेवारीचे पहिले दिवस दुकानांत-मंदिरांत चार पायांच्या सिंहासाठी, एप्रिल आणि शरद ऋतू तोयामाच्या गोम-सिंहासाठी, उन्हाळा संपतानाचे शनिवार-रविवार ओकुतामाच्या तिघांसाठी. योकोहामा, कोबे आणि नागासाकीच्या चायनाटाउनमध्ये चिनी सिंहही नाचतो, म्हणजे एकाच ट्रिपमध्ये लाकडी आणि बांबूच्या डोक्यांचा फरक डोळ्यांनी बघता येईल. जपान परवडत नसेल तर चिनी नववर्षाला कोलकात्याच्या टिरेटा बाजारात किंवा टांग्र्यात जा, आणि ढोल वाजवणाऱ्याच्या जवळची जागा पकडा, सिंह सगळा त्याच्या हातावर चालतो.